शोधनिबंधाचे पहिले वाचक तुम्ही व्हा : मार्गदर्शकांना खुले पत्र

शोधार्थींना मार्गदर्शन करणाऱ्या सर्व प्राध्यापकांस,

सादर नमस्कार.

जर्नलकडे पाठवायच्या शोधनिबंधांचे मसुदे तपासून देणे हे माझे काम आहे. विषय वेगवेगळे असतात, शोधार्थी वेगवेगळ्या वयाचे असतात, पण मसुद्यासोबत येणारा निरोप बहुतेक वेळा एकच असतो : ‘मजकूर ठीक आहे असं सरांनी सांगितलंय, फक्त भाषा बघून द्या.’ या निरोपाबद्दलच मला तुमच्याशी बोलायचे आहे. कारण भाषा बघायला घेतली की दुसऱ्या-तिसऱ्या पानावर लक्षात येते, मजकूरच ठीक नाही. संशोधनाचा प्रश्न धूसर आहे, दावा पुराव्याच्या पुढे गेला आहे, पद्धतीतली एखादी कळीची गोष्ट लिहायची राहून गेली आहे. या गोष्टींना हात लावायचा अधिकार मला नाही. तो शोधार्थीचा आहे, आणि त्याच्याकडून ते काम करवून घेण्याची जबाबदारी तुमची आहे.

शोधनिबंध सुधारायचा म्हणजे त्यातला विचार सुधारायचा, आणि हे काम मसुदा जर्नलकडे जाण्याआधी तुमच्या टेबलावर व्हायला हवे, एवढेच मला सांगायचे आहे. भाषेची सफाई त्यानंतरची. तुमच्यापैकी अनेकजण हे वर्षानुवर्षे मनापासून करत आहेत, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचे मसुदे हातात घेताच ओळखू येतात. पण ज्यांच्याकडून हे होत नाही, त्यांचे विद्यार्थी फार एकटे पडतात. ते एकटेपण मला दर आठवड्याला दिसते, म्हणून हे पत्र.

उदाहरणादाखल एक मसुदा कल्पू या. विषय शिक्षणशास्त्राचा धरू, पण हीच घडण शेतीपासून परिचर्येपर्यंत कितीतरी विषयांत आढळते. एका शाळेतल्या दोन तुकड्या आहेत. एकीला सहा आठवडे गटचर्चेने शिकवले, दुसरीला नेहमीसारखे व्याख्यानाने. शेवटी चाचणी घेतली. गटचर्चेच्या तुकडीची सरासरी जास्त आली, पी-मूल्य (खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०३ निघाले आणि शेवटच्या परिच्छेदात लिहिले गेले : ‘गटचर्चेमुळे विद्यार्थ्यांचे आकलन वाढते हे सिद्ध झाले आहे.’

या मसुद्याचे व्याकरण मी निर्दोष करून देऊ शकते. लांबलेली वाक्ये तोडू शकते, काळ आणि क्रियापदे जुळवू शकते, एकाच संज्ञेला तीन ठिकाणी तीन नावे दिली असतील तर ती एक करू शकते. पण मूळ अडचण तिथेच राहील, ओल आलेल्या भिंतीला रंग दिल्यासारखी. दोन्ही तुकड्यांना एकच शिक्षक होता का? नसेल, तर फरक पद्धतीमुळे पडला की शिक्षकामुळे? तुकड्या कशा पाडल्या होत्या? आधीच्या वर्षीच्या गुणांवरून पाडल्या असतील, तर एक तुकडी सुरुवातीपासूनच पुढे होती. पूर्वचाचणी घेतली होती का? उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला कोणती कोणत्या तुकडीची हे ठाऊक होते का? मधेच किती विद्यार्थी गळाले आणि ते कुठल्या बाजूचे? चाचणी आकलन मोजणारी होती की पाठांतर?

याहून अवघड प्रश्न वेगळाच आहे. पी-मूल्य काढताना प्रत्येक विद्यार्थी स्वतंत्र धरला गेला. पण शिकवण्याची पद्धत विद्यार्थ्यागणिक ठरवलेली नव्हती, ती तुकडीगणिक ठरवलेली होती. एका वर्गात बसणारी मुले एकच शिक्षक, एकच वेळ, एकच वातावरण वाटून घेतात, आणि त्यांचे गुण एकमेकांपासून सुटे नसतात. म्हणजे खरी तुलना एका तुकडीची एका तुकडीशी आहे, आणि ०.०३ हा आकडा वाटतो तेवढे सांगत नाही. जर्नलच्या वतीने निबंध तपासणाऱ्या, संख्याशास्त्र जाणणाऱ्या समीक्षकाचे पहिले बोट नेमके इथेच पडेल.

हे प्रश्न विचारायला अनुभवी मार्गदर्शकाला पाव तास पुरतो. आणि ते विचारले की मसुदा मोडीत निघतो असेही नाही. पूर्वचाचणीचे गुण असतील तर ते तक्त्यात येतात आणि विश्लेषण त्यांना धरून नव्याने होते. नसतील तर त्यांची उणीव मर्यादांमध्ये स्पष्ट लिहिली जाते. ‘परिणाम’ हा शब्द शीर्षकातून जातो आणि ‘दोन तुकड्यांची तुलना’ येते. ‘सिद्ध झाले’च्या जागी ‘सरासरी जास्त आढळली’ येते, आणि चर्चेत इतर संभाव्य कारणे मांडली जातात. दावा लहान होतो, पण आता त्याच्या मागे जे उभे आहे ते खरे आहे. असा निबंध कदाचित मोठ्या नावाच्या जर्नलमध्ये जाणार नाही. पण जिथे जाईल तिथे टिकेल, आणि पुढच्या संशोधकाला त्यातून काहीतरी घेता येईल. शोधार्थीही पुढचा अभ्यास आखताना हे प्रश्न स्वतःच स्वतःला विचारेल.

अर्थात यातले काही प्रश्न मसुद्याच्या टप्प्यावर येणे म्हणजे उशीरच. माहिती गोळा करण्याआधी ते विचारले गेले असते तर तुकड्यांची संख्या वाढवता आली असती. २०१३ पासून ‘कॉर्टेक्स’ या जर्नलने ‘रजिस्टर्ड रिपोर्ट’ नावाचा प्रकार सुरू केला तो याच जाणिवेतून. त्यात प्रश्न, गृहीतक आणि पद्धती यांचे समीक्षण माहिती जमवण्याआधी होते, आणि आराखडा पक्का असेल तर निकाल काहीही लागो, निबंध छापण्याचे तत्त्वतः आश्वासन मिळते. पुढे अनेक जर्नलांनी हा प्रकार स्वीकारला. तुमचा विद्यार्थी त्या वाटेने जाणार नसला तरी आराखडा लिहून घेऊन त्यावर एक कडक चर्चा करणे तुमच्या हातात आहेच.

निबंध नेमका कुठे सुधारतो यावर अभ्यास झालेला आहे. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या वैद्यकीय जर्नलने स्वतःकडची १११ हस्तलिखिते समीक्षण आणि संपादनाच्या आधी व नंतर तपासवून घेतली. गुणवत्तेच्या ३४ बाबींपैकी ३३ सुधारणेच्या दिशेने सरकल्या. सर्वांत जास्त सुधारणा दिसली ती अभ्यासाच्या मर्यादांची चर्चा, निष्कर्ष किती व्यापक करावा याचे भान, कॉन्फिडन्स इंटरव्हलचा (अंदाजाची अनिश्चितता दाखवणाऱ्या पल्ल्याचा) वापर आणि निष्कर्षाचा सूर या चार ठिकाणी. ही यादी पुन्हा एकदा बघा. यात व्याकरण नाही. जे जर्नलच्या संपादकांनी आणि समीक्षकांनी करवून घेतले ते सगळे विचाराचे काम आहे, आणि त्यातली एकही गोष्ट अशी नाही जी मार्गदर्शक आधीच विचारू शकत नाही.

‘मग समीक्षक सांगतीलच की,’ असे कोणी म्हणेल. समीक्षकांबद्दल मला मनापासून आदर आहे. बहुतेकजण हे काम मोबदल्याविना, स्वतःच्या वेळात करतात. पण ते सगळे पकडतील अशी आशा धरणे चूक आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या मंडळींनी छापण्यासाठी स्वीकारलेल्या एका निबंधात मुद्दाम आठ उणिवा पेरल्या आणि तो ४२० समीक्षकांकडे पाठवला. उत्तर दिले २२१ जणांनी. त्यांनी सरासरी दोन उणिवांवर बोट ठेवले. चार किंवा अधिक उणिवा ओळखणारे होते फक्त १० टक्के, आणि १६ टक्क्यांना एकही दिसली नाही. अनोळखी विषयाच्या, अनोळखी माणसाच्या निबंधासोबत काही तास घालवणाऱ्या वाचकाकडून याहून जास्त अपेक्षा धरणेही बरोबर नाही. तुमचे तसे नाही. तुम्ही विद्यार्थ्याचा अभ्यास पहिल्या दिवसापासून पाहिला आहे. कोणते मापन तिसऱ्यांदा घ्यावे लागले, कोणता नमुना वगळला, कोणते गृहीतक मधेच बदलले हे फक्त तुम्हाला आणि शोधार्थीलाच ठाऊक आहे. समीक्षकाला निबंधात लिहिलेले तेवढेच दिसते. न लिहिलेले तुम्हाला दिसू शकते.

एक गोष्ट स्पष्टपणे लिहिते, ती कठोर वाटली तरी. निबंधावर तुमचे नाव सहलेखक म्हणून जाते. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकत्वासाठी चार अटी घातल्या आहेत, आणि त्या चारही पूर्ण व्हाव्या लागतात. कल्पनेत, आराखड्यात किंवा माहिती मिळवण्या-तपासण्यात भरीव वाटा. मसुदा लिहिणे किंवा त्यातल्या बौद्धिक आशयाची चिकित्सा करून तो तपासणे. छापल्या जाणाऱ्या आवृत्तीला अंतिम मान्यता. आणि कामाच्या सर्व अंगांची जबाबदारी घेण्याची तयारी. चौथी अट २०१३ मध्ये वाढवली गेली. इतर विषयांतल्या कितीतरी जर्नलांनीही हेच निकष घेतले आहेत. दुसरी अट नीट वाचली तर या पत्राचा सगळा विषय तिच्यात आहे. ज्याने मसुदा चिकित्सकपणे वाचलेला नाही, त्याचे नाव लेखकांमध्ये बसत नाही, मग प्रयोगशाळा त्याची असो, निधी त्याने आणलेला असो. अशांसाठी ऋणनिर्देशाची जागा आहे, आणि ती कमीपणाची नाही.

आता वाचायचे कसे, याबद्दल. हे तुम्हाला मी सांगावे असे नाही, पण इतके मसुदे नजरेखालून गेल्यावर काही गोष्टी कामी येतात असे दिसले आहे.

लाल पेन घेऊन पहिल्या ओळीपासून सुरुवात करू नका. त्याने होते असे की पहिल्या तीन पानांवर स्वल्पविरामांची दुरुस्ती होते आणि आठव्या पानावरच्या दाव्यापर्यंत पोहोचेतो वेळ संपतो. शोधार्थीला मात्र वाटते, सरांनी पूर्ण तपासले. त्याऐवजी आधी मसुदा मिटून ठेवा आणि त्याला विचारा : तुला काय सापडले? दोन वाक्यांत सांग. हे ज्याला सांगता येते त्याचा निबंध दुरुस्त होतो. ज्याला येत नाही त्याच्या निबंधात एक तर दोन निबंध मिसळलेले असतात किंवा अजून एकही तयार झालेला नसतो. तोंडी सांगितलेली ती दोन वाक्ये लिहून घ्या आणि मग मसुद्यात शोधा. अनेकदा ती चर्चेच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदात पुरलेली सापडतात. त्यांची जागा सारांशात आहे आणि प्रस्तावनेच्या शेवटी त्यांचा प्रश्न असायला हवा.

मग फक्त आकृत्या आणि तक्ते पाहा. मजकूर वाचू नका. आकृत्या ओळीने पाहून कथानक कळते का? प्रत्येक आकृतीने मूळ प्रश्नाच्या उत्तरात काही भर घातली पाहिजे. घालत नसेल तर ती पुरवणीत जाऊ द्या. सरासरी दाखवणाऱ्या काठ्यांच्या आलेखांकडे विशेष लक्ष द्या, कारण त्यांच्या आड खूप काही लपते. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम यांनी १९७३ मध्ये आकड्यांच्या जोड्यांचे चार छोटे संच तयार करून दाखवले होते. चारही संचांची सरासरी, विचलन आणि सहसंबंध (दोन गोष्टी किती सोबत बदलतात याचे माप) जवळजवळ तंतोतंत सारखे, सहसंबंध ०.८१६. पण आलेख काढला की एकात सरळ रेषेभोवती विखुरलेले बिंदू, दुसऱ्यात स्पष्ट वक्र, तिसऱ्यात एकच बिंदू रेषेपासून भरकटलेला, आणि चौथ्यात सगळे बिंदू एकाच उभ्या ओळीत, फक्त एक दूर बसून सगळा सहसंबंध घडवणारा. नमुना लहान असेल तर प्रत्येक बिंदू दाखवायला सांगा. वाचकाला निर्णय घेऊ द्या.

यानंतर मजकूर. इथे मला एक युक्ती फार उपयोगी वाटते. शोधार्थीला प्रत्येक परिच्छेदाच्या समासात एका ओळीत लिहायला लावा, या परिच्छेदाचे म्हणणे काय. मग फक्त समास वाचा. दोन समास-ओळी सारखीच गोष्ट सांगत असतील तर एक परिच्छेद जातो. एका ओळीत ‘आणि’ने जोडलेली दोन म्हणणी असतील तर परिच्छेद फोडावा लागतो. एखाद्या परिच्छेदाची ओळ लिहिताच येत नसेल तर तो परिच्छेद का आहे, हे त्यालाच उमगते. तुम्हाला काही बोलावे लागत नाही. प्रस्तावनेत हे हमखास घडते. तिथे पूर्वसंशोधनाची यादी असते, ‘अमुक यांनी असे म्हटले, तमुक यांनी तसे म्हटले’, आणि या सगळ्यांतून कोणती जागा रिकामी राहिली ते सांगायचेच राहते. प्रस्तावनेने ती रिकामी जागा दाखवायला हवी. ती नाही दाखवली तर ‘यात नवीन काय?’ या एका प्रश्नावर संपादक निबंध समीक्षकांपर्यंत न पाठवता परत करतात, आणि शोधार्थीला दोन ओळींच्या ईमेलमधून काहीच शिकायला मिळत नाही.

लिहिण्याचा क्रमही छापील क्रमासारखा असायची गरज नाही. आधी आकृत्या, मग निरीक्षणे, मग पद्धती, मग चर्चा, त्यानंतर प्रस्तावना, आणि सर्वांत शेवटी सारांश व शीर्षक. शीर्षकापासून सुरुवात करणारे शोधार्थी पुढे निकाल वेगळा लागला तरी त्या शीर्षकाला चिकटून राहतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

पद्धतीच्या भागाची कसोटी एकच. दुसऱ्या ठिकाणच्या माणसाला एवढे वाचून हा अभ्यास पुन्हा करता येईल का? त्यासाठी तयार तपासयाद्या आहेत. यादृच्छिक चाचण्यांसाठी (ज्यांत सहभागींना चिठ्ठ्या टाकल्यासारखे गटांत वाटतात) १९९६ पासून ‘कॉन्सॉर्ट’, निरीक्षणात्मक अभ्यासांसाठी ‘स्ट्रोब’, पद्धतशीर आढाव्यांसाठी ‘प्रिझ्मा’. ‘इक्वेटर नेटवर्क’ने अशा याद्या एकाच ठिकाणी, विनामूल्य उपलब्ध करून दिल्या आहेत. दुर्दैवाने त्या भरल्या जातात सबमिट करण्याच्या रात्री, जर्नलचे पोर्टल मागते म्हणून. तुम्ही ती यादी अभ्यास सुरू होतानाच शोधार्थीच्या हातात द्या.

आकड्यांबद्दल थोडेच. ०.०५ च्या खाली म्हणजे खरे आणि वर म्हणजे खोटे, ही समजूत अजून मसुद्यामसुद्यात जिवंत आहे. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये निवेदन काढून सांगितले की पी-मूल्य हे गृहीतक खरे असण्याची शक्यता मोजत नाही, आणि परिणाम किती मोठा वा महत्त्वाचा हेही ते सांगत नाही. म्हणून परिणामाचे परिमाण आणि त्याचा कॉन्फिडन्स इंटरव्हल मागा. किती संख्याशास्त्रीय चाचण्या करून पाहिल्या आणि त्यांतल्या किती निबंधात आल्या हेही विचारा. हा प्रश्न तुमच्याशिवाय दुसरे कोणी विचारू शकत नाही.

यंत्राने भाषा सुधारून घेण्याची सोय आता प्रत्येकाकडे आली आहे. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही, त्यांच्यावरचा एक जुना अन्याय यामुळे थोडा कमी होतो, आणि त्याचा मला आनंद आहे. चांगला विचार केवळ मोडक्या वाक्यांमुळे नाकारला जाणे हे दुःखदच होते. पण आता एक नवी अडचण माझ्यासमोर येते. पूर्वी विचार अडखळला की वाक्यही अडखळायचे, आणि मला समासात प्रश्न लिहिता यायचा. आता वाक्य गुळगुळीत असते. ‘यावरून असे सूचित होते की’ अशा वळणदार जोडणीने दोन असंबद्ध गोष्टी शेजारी बसतात आणि वाचणारा पुढे सरकतो. कधी संदर्भसूचीत असे निबंध येतात जे कोणी कधी लिहिलेलेच नाहीत. वर उल्लेख केलेल्या वैद्यकीय संपादकांच्या समितीने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे की अशी साधने लेखक होऊ शकत नाहीत, त्यांचा वापर केला असेल तर तो जाहीर करावा, आणि मजकुराची जबाबदारी माणसाचीच राहील. त्या जबाबदारीत तुम्हीही आहात. गुळगुळीत मसुदा हातात आला तर उलट जास्त सावकाश वाचा.

संदर्भांबाबत एकच विनंती : शोधार्थीला कोणतेही चार संदर्भ निवडून विचारा, हा निबंध तू उघडून वाचलास का, आणि त्यात तू म्हणतोस तसे कुठे आहे. जर्नल निवडतानाही त्याला एकटे सोडू नका. झटपट छापण्याची हमी देऊन पैसे मागणाऱ्या जर्नलांच्या ईमेलना बळी पडतात ते बहुधा अशी माणसे, ज्यांच्याकडे विचारायला कोणी नव्हते.

आता समीक्षकांचे अभिप्राय येतात तेव्हाचे. १९३६ मध्ये आइनस्टाइन यांनी नेथन रोझेन यांच्यासह ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे एक निबंध पाठवला. गुरुत्वलहरी, म्हणजे अवकाश-काळात उठणारे तरंग, अस्तित्वात नसतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. संपादक जॉन टेट यांनी तो एका समीक्षकाकडे पाठवला, आणि त्याने सविस्तर अभिप्राय लिहून त्यातली चूक दाखवली. आइनस्टाइन संतापले. छापण्याआधी दुसऱ्या कोणाला दाखवायची परवानगी आपण दिली नव्हती, असे कळवून त्यांनी निबंध मागे घेतला आणि दुसरीकडे पाठवला. तो समीक्षक होता हॉवर्ड पर्सी रॉबर्टसन. पुढे प्रिन्स्टनमध्ये रॉबर्टसन यांनी आइनस्टाइन यांचे सहकारी लिओपोल्ड इन्फेल्ड यांच्याशी समोरासमोर बसून तो युक्तिवाद तपासला, चूक कुठे आहे ते दाखवले, आणि इन्फेल्डकरवी ती गोष्ट आइनस्टाइनपर्यंत गेली. १९३७ मध्ये निबंध छापून आला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. त्या लहरी २०१५ मध्ये प्रत्यक्ष टिपल्या गेल्या.

या घटनेतली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही, की कागदावर लिहून आलेली टीका झिडकारली गेली आणि तीच टीका जवळच्या माणसाच्या तोंडून आली तेव्हा कामी आली. तुमच्या विद्यार्थ्याचे तरी याहून वेगळे काय होणार? समीक्षकाची चार पाने वाचून तो एक तर खचतो किंवा चिडतो. त्या दिवशी त्याला उत्तर लिहायला बसवू नका. दोन दिवसांनी सोबत बसा, प्रत्येक मुद्दा मोठ्याने वाचा, आणि समीक्षकाला नेमके काय खटकले ते आधी शोधा. ‘त्यांना कळलंच नाही’ असे शोधार्थी म्हणेल. तसे असू शकते. पण विषयातल्या माणसाला जे वाक्य कळले नाही ते इतर वाचकांनाही कळणार नाही, म्हणून समीक्षकाचे म्हणणे अमान्य असले तरी ते वाक्य बदलायला हवे. उत्तराच्या पत्रात समीक्षकाचा प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा उतरवावा, खाली आपले उत्तर, आणि मसुद्यात काय बदल केला, कोणत्या पानावर, कितव्या ओळीत ते लिहावे. जे पटत नाही ते नाकारायला हरकत नाही. मात्र कारण आणि पुरावा द्यावा. ‘आम्ही सहमत नाही’ एवढे पुरत नाही, आणि सगळ्याला मान डोलावून निबंधाचे तुकडे जोडत बसणेही बरोबर नाही. दोन समीक्षक उलटसुलट सांगत असतील तर संपादकाला सरळ विचारता येते, हे अनेक शोधार्थींना माहीतच नसते. त्यांना ते सांगा.

तुमच्यावर किती ओझे आहे याची मला कल्पना आहे. तास, परीक्षा, समित्या, अहवाल, आणि हाताखाली एकाच वेळी अनेक शोधार्थी. म्हणून मी प्रत्येक मसुदा पाच वेळा वाचा असे म्हणत नाही. दोन वाचने मागते. एक, निकाल हाती आल्यावर आणि लिखाण सुरू होण्याआधी, फक्त आकृत्या आणि ती दोन वाक्ये घेऊन. दुसरे, पूर्ण मसुदा तयार झाल्यावर, भाषेला अजिबात हात न लावता. समासात फक्त प्रश्न लिहा. उत्तरे त्याला शोधू द्या. तुम्ही स्वतःच वाक्य लिहून दिले तर तो निबंध सुधारेल, पुढचा सुधारणार नाही. शक्य असेल तर तुमच्या शोधार्थींना एकमेकांचे मसुदे वाचायला लावा. दुसऱ्याच्या निबंधातला सैल दावा जितका चटकन दिसतो तितका स्वतःच्या निबंधातला दिसत नाही, आणि तो पकडण्याची सवय तिथेच लागते.

शेवटी नकाराबद्दल. निबंध परत आला की तोच मसुदा, त्याच संध्याकाळी, फक्त कव्हर लेटरमधले नाव बदलून दुसऱ्या जर्नलकडे पाठवला जातो. असे करू देऊ नका. एका विषयात समीक्षण करणारी माणसे मोजकी असतात, आणि तोच निबंध पुन्हा त्याच समीक्षकाच्या हाती पडणे हे सर्रास घडते. आपण लिहिलेल्या अभिप्रायातला एकही शब्द लेखकाने घेतला नाही हे त्याला पहिल्या पानावर कळते. नकारासोबत अभिप्राय आले असतील तर ते दुरुस्तीसाठी आले आहेत असे समजून शोधार्थीसोबत बसा, त्यातले जे खरे आहे ते निबंधात आणा, मगच तो पुढे पाठवा. त्यासाठी एक महिना गेला तरी चालेल. तो महिना द्यायची मुभा शोधार्थीला फक्त तुम्हीच देऊ शकता.

आपली नम्र,
शोधनिबंधांची एक संपादक